पोह्याची कात

आधीच सांगून टाकते, मला पालीची किळस आहे. आजची नाही, जन्माची. शाळेत गणित शिकवताना फळ्यामागून पाल निघाली की मी चालू उदाहरण तसंच टाकून वर्गाबाहेर यायची आणि पोरी खिदळत बसायच्या. अख्ख्या वर्गाला नुसत्या भुवईनं गप्प करणारी अलका मॅडम पालीपुढे ढेर! तेव्हा माझा भाचा रुचिर पुण्याहून काचेच्या पेटीत पाल घेऊन आला, त्या दिवशी मी त्याला दारातच अडवलं.

"आत्या, पाल नाहीये गं ही. गेको आहे, लेपर्ड गेको. भिंतीवर चढत नाही, काही नाही."

"गेको असो नाहीतर फेको असो. बाहेर ठेव."

बाहेर काय ठेवतोय तो! पेटी त्याच्या खोलीत टेबलावर जाऊन बसली. मी दारातूनच पाहिलं. वीतभर लांब, पिवळी जर्द, अंगभर काळे ठिपके, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. माझी भावजय सुलू मात्र पेटीला नाक लावून बघत होती. म्हणाली, "अगंबाई, पोह्यांवर मोहरी पडल्यासारखी दिसते की!" झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव पोहा. उज्जैनला दुसरं काय नाव पडणार, सकाळ झाली की इथं अख्खं गाव पोहेच खातं.

सुलूचा नवरा, म्हणजे माझा भाऊ दिलीप, रुचिर शाळेत असतानाच गेला. मी लग्नाच्या झंझटीत पडले नाही. तेव्हा फ्रीगंजातल्या या घरात आम्ही दोघी आणि आमच्या दोघींचा मिळून एक रुचिर. पुण्याला नोकरी करत होता. मग घरूनच काम करायची सोय झाली म्हणून परत आला, पोह्यासकट. गेल्या दिवाळीच्या आधी त्याला ताप आला. ताप छातीत उतरला. इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथून तो घरी आला नाही. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

सुलू रडली नाही फारशी. तिनं जेवण सोडलं. मी रागावले, हातापाया पडले, दिलीपची शपथ घातली, पण पालथ्या घड्यावर पाणी. शुगरची गोळी घ्यायची आणि घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. एका संध्याकाळी बघते तर रुचिरच्या खोलीत बसून ती चिमट्यानं पोह्याला अळी भरवते आहे. त्यानं अळी गिळली, जिभेनं तोंड पुसलं, आणि ही माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, यानं खाल्लं. वाढा मला."

तेव्हापासून हा घरचा नियमच झाला. संध्याकाळी पोह्यानं खाल्लं की सुलू जेवणार. मी मनात म्हटलं, हे वेडच आहे, पण असू दे, माणूस जेवतं तर आहे. जन्मभर पीठ चाळून अळ्या फेकणारी बाई ती, चोकरानं, म्हणजे गव्हाच्या कोंड्यानं भरलेल्या डब्यात अळ्या पाळायला लागली. त्यांना गाजराच्या चकत्या घालायची. मला ओकारी यायची, पण मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीनं तोंड बंद ठेवणं म्हणजे काय ते शाळेत विचारा कुणाला.

मग मे महिना लागला. उज्जैनचा मे म्हणजे विचारूच नका, धुतलेली चादर तारेवर टाकून वळावं तर वाळलेली. त्यात पोह्याची कात टाकायची वेळ आली. याआधी रुचिर असताना त्यानं मला बळेच दाखवलं होतं. अंग पांढुरकं पडतं, मग तो दगडावर तोंड घासतो, आणि मोजा काढावा तशी सगळी कात उतरवून स्वतःच खाऊन टाकतो. मी म्हटलं होतं, "काटकसरी आहे मेला, तुझ्या आईवर गेलाय." त्यावर सुलूसुद्धा हसली होती.

या वेळी कात निघेना. पाठीवरची फाटली, पोटाखालची लोंबत राहिली, पण डोक्यावर आणि डोळ्यांवर पांढरा पापुद्रा घट्ट बसला. बोटांना तर दोरा गुंडाळावा तसे वेढे पडले. त्याला दिसेना. सुलू अळी पुढे धरायची आणि तो भलतीकडेच तोंड मारायचा. दोन-तीनदा हवेत तोंड मारून तो कोपऱ्यात जाऊन बसला. नंतर त्यानं तोंड उघडणंच सोडलं.

सुलूनंही सोडलं.

"अगं, तो पाल आहे, तू माणूस आहेस," मी ओरडले. "त्याची बरोबरी कशाला करतेस?"

"भूक नाही ताई," एवढंच. एकदा ती गॅसपाशी उभ्या उभ्या चक्कर येऊन ओट्याला धरून राहिली. तेव्हा माझं धाबं दणाणलं. त्या पालीला काही झालं तर ही बाई काही राहत नाही, हे मला दिवसाउजेडी दिसत होतं. एक गेला, आता दुसरी जाणार, आणि मी एकटी या घरात काय भिंतींशी बोलू?

मी टावर चौकापाशी एका जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. बिचारा भला माणूस होता, पण हात जोडून म्हणाला, "माताजी, मैं गाय-भैंस का डॉक्टर हूँ, ज़्यादा से ज़्यादा कुत्ता. छिपकली तो मैंने भगाई है, पाली कभी नहीं." त्याला काय बोलणार, मीही तेच करत आले होते. घरी येऊन मी रुचिरच्या ऑफिसातल्या अश्विनीला पुण्याला फोन लावला. तिच्याकडेही अशीच पाल आहे, आणि रुचिरला ती हौस तिनंच लावली होती. मैत्रीण होती त्याची. कितपत मैत्रीण, हे विचारायचं राहूनच गेलं.

पोरगी गुणाची. व्हिडिओवर पोह्याला बघताच म्हणाली, "आत्या, घाबरू नका, पण आता रोज करावं लागेल." मग तिनं सगळं समजावलं. झाकणाला भोकं पाडलेला डबा घ्यायचा, तळाला मऊ कपडा घालायचा, त्यावर कोमट पाणी, पंजे बुडतील इतकंच. त्यात त्याला थोडा वेळ बसू द्यायचं. कात नरम पडली की ओल्या इअरबडनं हलके हलके गोल फिरवत सोडवायची. ओढायची अजिबात नाही, कोरडी ओढली तर खालची चामडीच निघेल. बोटांचे वेढे आधी काढायचे, कारण त्यांनी रक्त अडतं आणि बोट गळून पडतं.

"आणि खात नाहीये त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याच्या शेपटीत चरबी साठवलेली असते आत्या. तो एवढ्यात नाही मरत."

"त्याला शेपूट आहे गं," मी म्हटलं, "सुलूला कुठं आहे?"



दुपारी सुलू जरा आडवी झाली होती तेव्हा मी दार लोटून कामाला लागले. माझ्या या दोन हातांनी मी पाल उचलली! अंगावर काटा आला, डोळे मिटले, रामरक्षा म्हटली, पण उचलली. गार असेल वाटलं होतं. तळहातावर त्याचं इवलंसं पोट धडधडत होतं. मला वाटलं मीच घाबरले आहे, पण तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्याला पाण्यात बसवलं, मग बाहेर काढून डोक्यावरून इअरबड फिरवला. इअरबड करडा झाला. दुसरा घेतला, तोही करडा.

अश्विनी फोनमधून बघत होती. "आत्या, हे काय आहे? वाळू घालता का पेटीत?"

"वाळू कुठली, कागद घालतो."

मी इअरबड नाकाशी नेला. केवडा! आमच्या देवघरातल्या उदबत्तीचा केवडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पडद्याआड उभी राहिले. सुलूची पूजा झाली. उदबत्तीच्या घराखाली पडलेली राख तिनं बोटांनी गोळा केली, रुचिरच्या खोलीत गेली, पेटीचं झाकण काढलं आणि "शहाणं माझं ते" म्हणत पोह्याच्या डोक्यावर अंगारा लावला. उरलेला त्याच्या ओल्या डबीत भुरभुरला, तो आत शिरून बसतो त्या डबीत. बोटांना राहिलेली राख पाण्याच्या वाटीत झटकली. मग हात जोडले.

आमच्याकडे हे असंच. मूल आजारी पडलं, परीक्षेला निघालं, प्रवासाला निघालं की देवापुढचा अंगारा कपाळाला लावायचा, थोडा पाण्यातून पाजायचा. मलाही आईनं लावला, मी रुचिरला लावला. सुलूनं तर त्याचा एकही पेपर चुकवला नाही. त्याला अंगारा लावल्याशिवाय ती उंबरा ओलांडू देत नसे. आता माया करायला घरात पोहाच उरला होता.

"आधी ती राख बंद करा," मी फोनवर सांगताच अश्विनी म्हणाली. "सगळी ओल शोषून घेते ती, कात सुटणार कशी? आणि डोळ्यांत जाते. काकूंना सांगा ना."

काकूंना सांगा! सांगायला काय लागतं, माझ्या जिभेला कुठं हाड आहे. पण या वेळी जीभ उचलेना. कारण इंदूरला रुचिर आयसीयूत होता तेव्हा सुलूच्या पर्समध्ये याच अंगाऱ्याची पुडी असायची. भेटायला आत सोडलं की ती त्याच्या कपाळाला चिमूटभर लावून यायची, हे मी पाहिलं होतं. आणि शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून सांगितलं तो शब्द इन्फेक्शन होता. अंगाऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसेल. पण मी सुलूला म्हटलं की तुझ्या अंगाऱ्यानं पोहा आजारी पडला, तर ती पुढचा प्रश्न विचारणार, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी कुठून आणू?

म्हणून मी चोरवाटा काढल्या. सकाळी खोटं खोटं खोकले, "सुलू, उदबत्तीनं मला त्रास होतो गं." ती बिचारी लगेच उदबत्ती गच्चीत तुळशीपाशी लावून आली, आणि राख तिथून घेऊन आली. मी तिथं तांब्याभर पाणी सांडलं. तिनं दुसरी उदबत्ती लावली. दुपारी मी त्याला न्हाऊ घालून कात सोडवायची आणि सकाळी ही पुन्हा राख फासायची. चाळीस वर्षं पोरींना अक्कल शिकवली मी, आणि घरात हा असला पोरखेळ करत होते.

एका सकाळी पेटीतल्या कागदावर तिळाएवढं काहीतरी काळं पडलेलं दिसलं. पोह्याचं बोट होतं. सुलूनं ते पाहिलं आणि ती सरळ देवघरात जाऊन मूठ भरून राख घेऊन आली. जास्त आजारी पडला म्हणून जास्त अंगारा. झाकण काढून तिनं हात आत घातला आणि माझा तोल सुटला.

"बस कर!" मी किंचाळले. "त्या राखेनंच आंधळा होतोय तो! बोट गळलं त्याचं तुझ्या अंगाऱ्यापायी! तूच मारते आहेस त्याला, कळतंय का?"

शब्द गेला तो गेला. मी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग? सुलूनं मूठ उघडली नाही. देवघरात गेली, सगळी राख परत उदबत्तीच्या घराखाली ठेवली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, दोनदा धुतले. परत येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "मला काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. अश्विनीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पेटी धुतली, डबी बदलली, पाणी बदललं. आणि काय सांगू, माझ्या हातात वळवळणारा तो पोहा तिच्या हातात निपचित बसायचा. शेवटी तान्ह्या बाळाला न्हाऊ घातलेले हात ते. मी पाणी कोमट करून द्यायची, ती इअरबड फिरवायची. बोटांचे वेढे एकेक करून सुटले. डोक्यावरचा पापुद्रा टोपीसारखा निघाला. उजव्या डोळ्यावरची चकती सुटली तेव्हा त्यानं पापणी उघडून आमच्याकडे पाहिलं. मी टाळ्याच वाजवल्या. डावा डोळा मात्र उघडला नाही. अश्विनी म्हणाली, पुण्याला असता तर दाखवता आला असता, पण आता बहुतेक असाच राहील.

या सगळ्यात सुलू ताकावर होती. मी समोर उभी राहून पेला रिकामा करून घ्यायची. तिनं एक अक्षर विचारलं नाही. मला ज्याची भीती होती तो प्रश्न आलाच नाही. ती पोह्याशी बोलायची, माझ्याशी बोलायची, मला पाणी गरम झालं म्हणून रागवायचीसुद्धा. मी म्हटलं, सुटलो. उगाच घाबरत होते मी, बाई माझ्या वाटण्यापेक्षा खंबीर आहे.

आणि मग त्या संध्याकाळी त्यानं खाल्लं. सुलूनं चिमट्यात अळी धरून त्याच्या चांगल्या डोळ्यापुढे हलवली. त्यानं मान वळवली. शेपटीचं टोक थरथरलं. एक पाऊल टाकलं आणि गपकन पकडली!

"खाल्लं! सुलू, खाल्लं गं मेल्यानं!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी खिडकीत आले असतील. दुसरी दिली, तीही खाल्ली. माझ्या डोळ्यांना धार लागली. पालीसाठी रडत होते मी! मी धावत स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, वरणात हिंग-हळद घातली, साजूक तूप काढलं, लिंबाची फोड चिरली. रुचिर गेल्यावर इतक्या आनंदानं मी स्वयंपाक केला नव्हता. पाटावर दोन ताटं मांडली आणि तिला हाक मारली.

ती आली, बसली. भात कालवला. मी पहिला घास घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"ताई," ती भातातच बोटं ठेवून म्हणाली, "इंदूरला ती उंच सिस्टर होती ना?"

मी लिंबाची फोड तिच्या ताटात ठेवली.

"मी अंगारा लावून बाहेर आले की ती स्पिरिटच्या कापसानं रुचिरचं कपाळ पुसायची. मी काचेतून बघायची. मला इतका राग यायचा. एकदा मी भांडलेसुद्धा तिच्याशी, म्हटलं, भगवान का है, हाथ मत लगाना."

"जाऊ दे ना आता. जेव."

"तिनं ऐकलं नाही. मग मी कपाळाला लावणं सोडलं. तिच्या नजरेला पडू नये म्हणून खाली लावायला लागले. गळ्यापाशी. तिथं नळी घातली होती ना, पट्टी होती, तिच्या कडेला बोट आत सारून लावायची. शेवटपर्यंत लावला."

हे मला माहीत नव्हतं. मी कपाळाचंच धरून बसले होते.

"ताई, पोह्याचं जसं झालं, तसंच..."

"काहीतरी बोलू नकोस!" मी ओरडले. "चिमूटभर राखेनं माणूस मरतो का कुठे? त्याचे लंग्ज आधीच गेले होते! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वतः सांगितलं, पहिल्याच दिवशी सांगितलं, की होपच नाही! तुला सांगितलं नाही इतकंच! कळलं?"

सुलू माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, अगदी मायेनं बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताना फार मोठ्यानं बोलता."

मी उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा उष्टा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात सांगितलं, नाही गं सुलू, तुझ्यामुळे नाही. पुन्हा सांगितलं. जितक्या हळू मला बोलता येतं तितक्या हळू सांगितलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतला, तो धुतला, आपल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि माझं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. "गार होतंय."